चाळीस लिटर नेव्ही ब्लू

कुमुदिनी टिपणीस यांच्या घरी कोणी पहिल्यांदा गेलं, की ते त्यांच्याकडे बघतच नसे. भिंतीकडे बघे.

मांजर्लीत आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. उल्हास नदी तिथून चालत दहा मिनिटांवर. नदीला उलट यायला मात्र तेवढा वेळ लागत नाही. एकोणीसच्या पुरात ती त्यांच्या हॉलमध्ये येऊन गेली, एकवीसला पुन्हा आली, आणि जाताना चारही भिंतींवर एक तपकिरी रेघ ओढून गेली. अशी सरळ, की पाणसळ लावून बसलेल्या गवंड्याने मान खाली घालावी.

त्यानंतर दोन वेळा त्या घराला ऑफ-व्हाइट रंग लागला. आणि दोन्ही वेळा, दिवाळीच्या चिवड्याचा डबा तळाला जाईतो रेघ परत वर आली, कपात वाळलेल्या चहाच्या कडेसारखी. मग पाहुणे दारातूनच सुरू होत, "अगं बाई! इथपर्यंत?" विम्याचा एजंट आला तो चपला काढून थेट रेघेला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या छातीपर्यंत आहे, बघा." सत्यनारायणाला गुरुजी आले. दुसरा अध्याय संपवून तिसरा सुरू करण्याच्या मधल्या श्वासात त्यांनी विचारलं, "ही कुठल्या सालची?" एका लांबच्या भाच्याने तर रेघेबरोबर सेल्फी काढला. कुमुदताई मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. फोटोत ट्रे आला, रेघ आली, त्या अर्ध्याच आल्या.

"माझं घर नाही राहिलं हे," त्या एकदा म्हणाल्या. "स्मारक झालंय. फक्त तिकीट लावायचं बाकी आहे."

कुमुदताई त्रेसष्ट वर्षांच्या. उंची बेताची आणि आवाज उंचीला न शोभणारा. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका गाळ्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून घेतले. हाताखाली सात मशिनं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गाळ्याबाहेर आयांची झुंबड. हसायला लागल्या की त्यांचे आधी खांदे हसतात, आवाज मागून येतो. जिन्यात खांदे हललेले दिसले की आम्ही वरच्या मजल्यावरचे लोक कठडा धरून थांबतो. काहीतरी ऐकण्यासारखं येणार असतं.

त्यांचा मुलगा सोहम. त्याने बदलापूर पूर्वेला टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर घेतलंय आणि त्यात आईबाबांसाठी एक खोली काढून ठेवलीय. एकवीसच्या पुरात आईचा फोन एक अख्खा दिवस लागला नव्हता. त्या दिवसापासून त्याने धोशा लावला होता, की हा फ्लॅट विका आणि माझ्याकडे या. गेल्या वर्षी दसऱ्याला तो आपट्याची पानं आणि एका एजंटचा नंबर असं दोन्ही घेऊनच आला.

"आई, पार्टी तयार आहे. दिवाळीनंतर येऊन बघून जातील. चौदाव्या मजल्यावर पाणी येणार नाही गं कधी."

"हो ना. तुझ्याकडे गेल्या महिन्यात नळालाही नव्हतं आलं."

"आई, विनोद नको. मला झोप लागत नाही जुलैमध्ये."

हे मात्र कुमुदताईंना पटलं. पोरगं खरं बोलत होतं. पण या घरात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दारात उभं राहिलं की शेजारच्या यशोधरेच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येत, आणि हाक मारली की चार दारं उघडत. एवढ्याचा हिशेब चौदाव्या मजल्यावर कसा लावायचा, ते त्यांना कळत नव्हतं.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "मला या घरात राहायचंय. स्मारकात नाही. दिवाळीच्या आत मी ही रेघ घालवते. रंग लागल्यावर पहिला जो माणूस बाहेरून येईल, त्याला रेघ दिसली तर मी मुकाट्याने सही करते. नाही दिसली, तर एजंटचा नंबर पुसून टाकायचा."

सोहम हसला. "पहिला माणूस मी ठरवणार."

"ठरव."

"बनूबाई."

हेमचंद्रांच्या, म्हणजे टिपणीस काकांच्या, हातातलं आपट्याचं सोनं खाली पडलं.

बनूबाई म्हणजे मांजर्लीच्या जुन्या शेतकरी घरातली म्हातारी. वय अठ्ठ्याहत्तर. शनिवारी सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन दारोदार फिरते. डोळ्यांना चष्मा नाही, आणि गावातल्या प्रत्येक घरात पाणी कुठवर आलं होतं ते तिला तोंडपाठ. कुमुदताईंकडे मेथी ठेवता ठेवता दर शनिवारी ती काठीचं टोक रेघेवर टेकवत असे आणि म्हणत असे, "हितवर आल्ता पानी. माज्या डोल्यानी बघलं." नदीने स्वतःहून साक्षीदार नेमायचा ठरवला असता तर बनूबाईलाच नेमलं असतं.

"ठरलं," कुमुदताई म्हणाल्या.

रंग कोणता, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. अठ्ठावीस वर्षं ज्या स्कर्टवर शाई सांडते, वरण सांडतं, गटाराचं पाणी उडतं आणि संध्याकाळी काहीच दिसत नाही, तो स्कर्ट त्यांनीच शिवला होता. "शाळावाले वेडे नाहीत," त्या म्हणाल्या. "नेव्ही ब्लू. डाग गिळणारा रंग आहे तो." आणि कपाटातल्या कतरणांच्या पिशवीतून एक तुकडा काढून पर्समध्ये टाकला.

काका मात्र हादरले. हेमचंद्र टिपणीस अंबरनाथच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांच्या रंगाची तपासणी करत. चौतीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून गेलेलं प्रत्येक कपाट राखाडी होतं आणि घरची प्रत्येक भिंत ऑफ-व्हाइट. या दोन रंगांत त्यांचं आयुष्य सुखात चाललं होतं.

"कुमुद, हॉल आहे गं तो. अंधारकोठडी होईल."

"दोन खिडक्या आहेत अहो. तुम्ही फक्त माल किती लागेल ते काढून द्या. तुमच्याइतकं ते कोणाला कळतं?"

झालं. माणूस विरोधी पक्षातून थेट मंत्रिमंडळात आला. काकांनी टेप काढला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, आणि हॉल, पॅसेज, खिडक्या वजा, गडद छटा म्हणून तीन हात, सांडलवंड दहा टक्के, असा दीड दिवस हिशेब केला. उत्तर आलं चाळीस लिटर.

कॅम्प पाचमध्ये लछमनदास यांचं रंगाचं दुकान आहे. गणवेशाच्या दिवसांपासून ते कुमुदताईंना अदी म्हणतात. सिंधीत अदी म्हणजे ताई. त्यांनी कतरण मशिनसमोर धरली, पडद्यावर छटा आली, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"अदी, घर रंगव रही हो या शाळा खोल रही हो?"

"घर."

"और चालीस लिटर? बंगला लिया क्या, साईं?" हे काकांना.

काकांनी कॅलेंडरचं पान समोर धरलं. "चौतीस वर्षं हाच हिशेब केलाय मी."

"देखो, मशिन में रंग मिला दिया ना, फिर माल वापस नहीं. मेरा बाप आया तो भी नहीं."

"माझ्या हिशेबात वापस हा कॉलमच नाही," काका म्हणाले. वीस-वीस लिटरचे दोन डबे टेम्पोत चढले.

रंगारी होता धर्मराज. मूळचा बीडकडचा, वीस वर्षं बदलापुरात, स्वभावाने संत. पहिला हात मारला तेव्हा सगळी इमारत बघायला जमली. ओला रंग भलताच उजळ दिसत होता, जत्रेतल्या प्लास्टिकच्या बादलीसारखा.

"अगं बाई, हा तो नाहीच!" कुमुदताई किंचाळल्या.

"ताई, वाळू तर द्या. वल्ला रंग आन् नवा जावई, दोन्ही पहिल्या दिवशी खरे दिसत न्हाईत."

दुपारपर्यंत रंग खरंच उतरला. खोल, शांत, अमावास्येच्या आभाळासारखा झाला. कुमुदताईंनी यशोधरेला हाक मारली, आम्हाला हाक मारली, आणि सगळे कौतुकाने बघत असताना चार वाजले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं आत आलं.

आणि भिंतीवर रेघ उमटली.

तपकिरी नव्हती. रंगाच्या आतून होती, साडीच्या काठासारखी. रेघेच्या वर चकाकी होती आणि खाली भिंत मातीसारखी निस्तेज. कुमुदताई पोह्यांची बशी मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या आणि एक शेंगदाणा बोटाने इकडून तिकडे ढकलत राहिल्या. खांदे हलत नव्हते.

"बनूबाई कशाला लागतेय," त्या म्हणाल्या. "हे तर विम्याच्या एजंटलाही दिसेल. यशू, मी सही करते गं."

तेवढ्यात काका आतून टॉर्च घेऊन आले. भर दुपारी. त्यांनी गाल भिंतीला टेकवला, एक डोळा मिटला आणि टॉर्च आडवा धरला. असे ते सगळ्या हॉलभर सरकत गेले. मधे दोनदा नखाने टोकरून बघितलं, एकदा वास घेतला.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

"ते कळलं हो," कुमुदताई म्हणाल्या.

"रंग रिजेक्ट नाही. पाया रिजेक्ट. कुमुद, रेघ वर येत नाहीये. खालची भिंत रंग पितेय! पुराचा खार बसलाय प्लास्टरमध्ये. वरची भिंत तृप्त, खालची तहानलेली. म्हणून चकाकी वेगळी. आपण दोन वेळा नुसतंच त्यावर फासत बसलो." आणि खिशातून खडू काढून त्यांनी भिंतीवर फुली मारायला सुरुवात केली. एकसष्ट फुल्या झाल्या.

धर्मराज दारात उभा होता. "साहेब, घर हाय. कपाट न्हाई."

"कपाट असतं तर आज पाठवलंही नसतं गेटबाहेर. खरवड सगळं."

पुढचे पाच दिवस त्या घरात कुणाला ओळखता येत नव्हतं. रेघेखालची सगळी भिंत खरवडली, धुतली, पंखे लावून वाळवली, खार धरून ठेवणारा प्रायमर दोनदा लावला, त्यावर पुट्टी, त्यावर पॉलिश पेपर. काका सदुसष्टाव्या वर्षी बनियनवर, डोक्याला कुमुदताईंची जुनी ओढणी गुंडाळून, धर्मराजच्या शेजारी उकिडवे बसून पेपर मारत होते. पांढऱ्या धुळीत दोघांत फरक एवढाच, की एक जण गुणगुणत होता आणि दुसरा त्याला सूचना देत होता.

मग दुसरा हात, मग तिसरा. चार वाजता सगळे खिडकीपाशी उभे. ऊन आलं. भिंतीवरून सरकलं. कुठे अडखळलं नाही. काकांनी टॉर्च लावला, विझवला, पुन्हा लावला.

"पास," ते म्हणाले. चौतीस वर्षांत हा शब्द त्यांनी इतक्या हळू कधी उच्चारला नसेल.

कुमुदताईंचे खांदे हलले. मग आवाज आला. मग टाळ्या. आणि त्या टाळ्यांमध्येच धर्मराज म्हणाला, "पन साहेब, ह्यो दुसरा डबा?"

वीस लिटरचा दुसरा डबा झाकणही न उघडता कोपऱ्यात बसला होता. काका कॅलेंडरचं पान घेऊन आले. पेन्सिल कानावरून काढली. बोट वरून खाली गेलं, खालून वर गेलं आणि एका जागी थांबलं. चेहरा ऑफ-व्हाइट झाला.

"काय झालं?"

"गुणिले दोन केलंय."

"का?"

"सवय. कपाटाला दोन बाजू असतात ना. आतून आणि बाहेरून."

कुमुदताई खाली बसल्या. अक्षरशः. जमिनीवर. खांदे, आवाज, डोळ्यांतून पाणी, सगळं एकदम. "अहो, बाहेरची बाजू यशोधरेची आहे! तुम्ही तिच्या हॉलचा पण हिशेब केलात! घराला कपाट समजलात!"

"दुकानदार तरी म्हणाला होता," काका पुटपुटले.

यशोधरा दारातच होती. तिच्या आणि यांच्या हॉलमध्ये एकच भिंत, आणि नदीने भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच न्याय दिलेला. तिच्याकडेही तीच रेघ, तेवढ्याच उंचीवर. फक्त तिने त्यावर देवांच्या फोटोंची रांग लावली होती, त्यामुळे तिच्या घरातले सगळे देव छातीइतक्या उंचीवर होते आणि नमस्काराला पाहुण्यांना वाकावं लागे.

"मग भावोजींचा हिशेब चुकला कुठे?" ती म्हणाली. "बाहेरची बाजू म्हणजे मी. धर्मराजदादा, उद्या माझ्याकडे या."

"आधी खरवडावं लागेल," काका म्हणाले. डोळ्यांत चमक परत आली होती. "मी खडू घेऊन येतो."

यशोधरेचा हॉल झाला. देव वर गेले. तरी डब्यात माल उरलाच, म्हणून तळमजल्याचा जिना झाला. जिन्यातही रेघ होतीच. मग पत्रपेट्या झाल्या. मग टिपणिसांच्या फ्रीजखालचा सिमेंटचा ओटा, सोहमचं शाळेतलं टेबल, दोन पाट आणि एक मोडकी खुर्ची. रंगाचं वेड तापासारखं पसरलं. वरच्या मजल्यावरून आम्ही वाट्या घेऊन खाली येऊ लागलो, "जरा थोडा मिळेल का, तुळशीच्या कुंडीच्या स्टँडपुरता?" कुमुदताई डावाने वाढत होत्या. मुलं शाळेतून आली तर ती चौकटीतच थबकली. एकीने आईला विचारलं, "आपली बिल्डिंग पण शाळेत जाणार?"

दिवाळीच्या आधीचा शनिवार उजाडला. सोहम सकाळीच येऊन बसला होता. आल्या आल्या त्याने जिना बघितला, आईबाबांच्या नखांतला निळा रंग बघितला, आणि एक मोठा उसासा टाकला.

"छान झालंय," तो म्हणाला. "पण बनूबाई ती बनूबाई. चीटिंग नाही. कोणी काही बोलायचं नाही."

साडेनऊला जिन्यात काठीचा आवाज आला. मग थांबला. बराच वेळ आलाच नाही. आत आम्ही आठ-दहा जण भिंतींपासून हातभर अंतर राखून उभे, कारण काकांची तशी ताकीद होती. कुमुदताईंनी यशोधरेचा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट की यशोधरेच्या दोन बांगड्या पिचल्या.

बनूबाई दारात आली. पाटी उतरवली. मान वर केली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

"या बया!" ती म्हणाली. "कुनाच्या घरात आले मी?"

"माझ्याच, बनूबाई. या ना."

ती आत आली. नेहमीच्या भिंतीपाशी गेली. काठी उचलली, आणि काठी हवेतच राहिली. तिने डोळे बारीक केले. वाकली. खिडकीकडून बघितलं, दाराकडून बघितलं. काका मिशीतल्या मिशीत मोजत होते. सोहम खुर्चीच्या कडेवर आला होता.

"पानी कुटवर आल्तं गं बाय?" बनूबाईने विचारलं.

"तुम्हीच सांगा ना आजी," सोहम म्हणाला. "तुम्हाला तर पाठ आहे."

बनूबाईने काठी टेकवली. "हितवर."

"छे, वर होतं अजून," यशोधरा न राहवून बोलली. "माझ्या खांद्याला होतं."

"तुज्या खांद्याला व्हतं तर मंग तुज्या घरात वर आल्तं आसंल."

"भिंत एकच आहे आजी!"

"चार फूट दोन इंच," काका म्हणाले.

"तुमचा हिशेब राहू द्या अहो," कुमुदताई म्हणाल्या, आणि पाच जणांनी भिंतीवर पाच ठिकाणी बोटं दाखवली. एकही दुसऱ्याशी जुळेना. बनूबाई काठी वर-खाली करत होती. तिचा चेहरा रडवेला झाला. इतक्या वर्षांची तिची साक्ष पुसली गेली होती.

"दिसतच न्हाय," ती शेवटी म्हणाली. "रेग कुटं घालवलीस, कुमुद? आता परत पानी आलं तर कसं कलंल कुटवर आलं?"

"पाय ओले झाले की कळेल," कुमुदताई म्हणाल्या. "मग सिलिंडर, कागदपत्रं आणि यांचा टॉर्च घेऊन वर जाऊ. वरच्यांकडे चहा पिऊ. पाणी उतरलं की खाली येऊ, भिंत धुऊ, आणि परत घरात राहू."

हे त्या बनूबाईशी बोलत होत्या, पण बघत होत्या मुलाकडे. सोहमने भिंतीकडे बघितलं, मग खुर्चीवरून उठून खरोखरच जवळ गेला, वाकला, आणि बराच वेळ शोधलं. स्वतःच्या घरातली ती जागा त्याला सापडली नाही.

"पाय ओले व्हायची वाट बघायची नाही," तो म्हणाला. "नदीने इशारा पातळी ओलांडली असं मी फोन करून सांगितलं, की त्या मिनिटाला वर. बॅग जूनमध्येच भरून ठेवायची. आणि मी येऊन बघणार भरलीय का ते."

"कबूल."

"बाबा?"

"बॅगेची यादी मी करतो," काका म्हणाले.

"यादी मी करते," कुमुदताई घाईने म्हणाल्या. "तुम्ही सगळं दुप्पट न्याल."

सोहमने फोन काढला. "हां, सोहम टिपणीस बोलतोय. ती मांजर्लीची पार्टी... नका आणू. नाही, रेटचा प्रश्न नाही हो. आई राहतेय तिथे." आणि फोन खिशात टाकला.

कुमुदताईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या, बनूबाईचे दोन्ही हात पकडले, आणि त्रेसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर अशी एकशे एकेचाळीस वर्षांची फुगडी त्या निळ्या हॉलच्या मधोमध सुरू झाली. बनूबाई आधी "आगं सोड, सोड" म्हणाली आणि मग तिनेच वेग वाढवला. यशोधरेने ताल धरला, धर्मराज दाराबाहेरून फू म्हणायला लागला, पोरं जिन्यातून धावत आली.

"भिंतीपासून लांब!" काका दोन्ही हात पसरून भिंतीसमोर उभे राहिले होते. "अहो, पंधरा दिवस हात लावायचा नाहीये! कुमुद! फुगडी पलीकडे घे! रंग अजून कच्चा आहे!"